हेअर ट्रान्सप्लांट झालं, आता डोकं धुवायचं कसं? कोल्हापूरच्या नवख्यांसाठी

पैसे भरून झाले, एक अख्खा दिवस खुर्चीवर पालथं-उताणं पडून झालं, मागचे केस पुढं आले. इथपर्यंतचं काम डॉक्टरांचं होतं. पुढचा महिनाभर सगळं तुमच्या हातात असतं आणि नेमकं त्याबद्दलच कुणी सविस्तर सांगत नाही. क्लिनिकमधून निघताना एक कागद मिळतो. त्यावर ‘तिसऱ्या दिवसापासून हलक्या हाताने धुणे’ एवढी एक ओळ असते. हलक्या म्हणजे किती हलक्या, हे मोरीत मग घेऊन उभं राहिल्यावर कळत नाही.

मी यातून गेलोय आणि नंतर ओळखीतल्या काही जणांची डोकी धुवायला उभाही राहिलोय. त्यात दोन तऱ्हेची माणसं दिसली. एक चौथ्या दिवशीच नखानं खपल्या उकरणारी, दुसरी भीतीपोटी आठवडा उलटला तरी डोक्याला पाणी न लावणारी. पहिल्यांना सगळे ओरडतात. दुसऱ्यांना ‘जपतोय बिचारा’ म्हणून कौतुक मिळतं. पण वाळलेलं रक्त, लस आणि त्वचेचं तेल यांचा थर घट्ट बसला की खाज सुटते, वास येतो, पुळ्या उठतात आणि शेवटी तो थर काढताना व्हायची ती ओढाताण होतेच. धुणं हा उपचारच आहे. औषधाची गोळी चुकवत नाही तसं धुणंही चुकवायचं नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या डॉक्टरांचा कागद आणि माझं लिहिणं यात फरक पडला, तर कागद खरा. पहिलं धुणं कुणी दुसऱ्या दिवशी सांगतं, कुणी तिसऱ्या. कुणी खपल्या मऊ करायला लोशन देतं, कुणी नुसत्या शाम्पूवर भागवतं. तुमचं डोकं ज्यांनी केलंय त्यांनाच ते माहीत.

१. आधी डोक्यावर काय झालंय ते समजून घ्या

डोक्याचे आता दोन भाग झालेत आणि दोघांची धुण्याची रीत वेगळी आहे.

मागचा भाग म्हणजे डोनर, जिथून केस काढले. एफयूई पद्धतीत साधारण ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचनं एकेक मूळ काढतात, त्यामुळे मागं बारीक ठिपके दिसतात आणि ते काही दिवसांत मिटतात. एफयूटीत कातडीची एक पट्टी काढून टाके घालतात. ते टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढायचे असतात (विरघळणारे असतील तर तेही लागत नाही). टाक्यांवर जोर द्यायचा नाही, एवढं सोडलं तर मागचा भाग तसा दणकट असतो.

पुढचा भाग, जिथं ग्राफ्ट (मागून काढलेली केसांची मुळं) लावलेत, तो नाजूक. राधानगरी-गगनबावड्याकडं भाताची रोपलागण बघितली असेल तर लगेच लक्षात येईल. रोप चिखलात खोचलं की उभं दिसतं, पण पहिले काही दिवस नुसतं टेकलेलं असतं. मूळ धरलं की मग ओढूनही निघत नाही. ग्राफ्टचंही तसंच. पहिले दोन-तीन दिवस तो साकळलेल्या रक्ताच्या आधारावर असतो. रोज थोडा थोडा घट्ट होत जातो आणि साधारण नवव्या-दहाव्या दिवसानंतर नुसता केस ओढल्यानं जागचा हलत नाही. धुण्याचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

२. ऑपरेशनच्या आधीच हे जमवून ठेवा

नंतर सुजलेलं कपाळ घेऊन दुकानं फिरायला नको वाटतं.

कागदपत्रं:
- डिस्चार्ज कार्ड. त्यावर पद्धत, ग्राफ्टची संख्या, तारीख, डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. हेअर ट्रान्सप्लांट प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा कार्डावर नाव मागायला संकोच नको.
- औषधांची चिठ्ठी आणि धुण्याच्या सूचनांचा कागद. इंग्रजीत असेल तर तिथंच बसून प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून घ्या.
- रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. पॅकेज विकणाऱ्याचा नंबर त्या वेळी कामाला येत नाही.
- आधीचे रक्ताचे रिपोर्ट आणि बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर त्यांची यादी. ही औषधं आपल्या मनानं बंदही करायची नाहीत आणि सुरूही करायची नाहीत.
- नोकरी असेल तर रजेसाठी मेडिकल सर्टिफिकेट.

सामान:
- कडेला धार नसलेले दोन प्लास्टिकचे मग आणि बसायला स्टूल.
- सलाईनचा स्प्रे. बहुतेक क्लिनिक देतात. घरी मीठ कालवून पाणी करायचं नाही.
- सौम्य शाम्पू, डॉक्टरांनी सांगितलेला. नसेल सांगितला तर बेबी शाम्पू चालेल का एवढं विचारा. दुकानातल्या पुडीतला कोंड्याचा शाम्पू नको.
- प्रवासात वापरतात ती मानेची उशी. या सगळ्यात पैसे वसूल करणारी वस्तू हीच.
- पुढून बटणं असलेले चार शर्ट. टी-शर्ट आणि बनियन डोक्यावरून घालायचे-काढायचे कपडे, ते दोन आठवडे कपाटात.
- गॉज, मऊ सुती टॉवेल, उशीवर घालायला जुनी धुतलेली चादर.

३. क्लिनिक ते घर

कोल्हापुरात झालं असेल तर प्रश्न मिटला. रिक्षात बसताना मात्र डोकं सांभाळा. ग्राफ्ट निघण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे कशाला तरी डोकं आपटणं: गाडीचा दरवाजा, कपाटाचं उघडं दार आणि पेठांतल्या जुन्या घरांची बुटकी चौकट. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत ज्यांचं जुनं घर आहे त्यांनी चौकटीला सरळ लाल कापड बांधून ठेवावं. घरातले हसतील, हसू देत.

पुण्याला करून येणार असाल तर शक्यतो दुसऱ्या दिवशी, क्लिनिकमधलं पहिलं धुणं उरकून निघा. गाडीत मागं टेकलात तर डोनरचा भाग सीटला घासतो, म्हणून मानेची उशी लावून डोकं अधांतरी ठेवा. आणि जुलै-ऑगस्टची तारीख घेण्याआधी दहादा विचार करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्याचा रस्ता बंद झाला होता. टाके काढायची तारीख आणि पंचगंगेची पातळी एकाच आठवड्यात आली तर कुणाला दोष देणार?

४. पहिले दोन-तीन दिवस: पाणी नाही, फक्त फवारा

पुढच्या भागावर सलाईनचा फवारा, जागे असाल तेव्हा सांगितलेल्या अंतरानं. बाटली वीतभर लांब धरायची आणि थेंब आपोआप खाली बसू द्यायचे. जवळून पिचकारी मारायची नाही. यानं ग्राफ्ट ओलसर राहतात आणि खपली जाड होत नाही.

झोपताना पाठीशी उशा रचून अर्धवट बसल्यासारखं, साधारण ३० ते ४५ अंशांत झोपा. मानेची उशी लावली की मान इकडं-तिकडं कलंडत नाही. पालथं झोपायची सवय असलेल्यांचे हे दिवस वाईट जातात, त्याला इलाज नाही.

वाकायचं नाही. चपलेचा पट्टा, खाली पडलेला रुमाल, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं, सगळं उभ्यानं किंवा बसून. ‘काय झालंय ते बघायला’ आलेल्या मावशींना लांबूनच नमस्कार करा.

५. पहिलं धुणं

क्लिनिक करून देत असेल तर ते तिथंच करून घ्या आणि घरचं एक माणूस सोबत न्या. धुणाऱ्याचा हात बघायला मिळणं हेच खरं शिक्षण. परवानगी घेऊन मोबाईलवर व्हिडिओ काढा. माझं डोकं धुणाऱ्या सिस्टरांचा तळवा डोक्याला जेमतेम लागत होता. फेस ठेवायच्या, हात उचलायच्या, शेजारी पुन्हा ठेवायच्या. हात एकदाही पुढं सरकला नाही. घरी तेवढंच करायचं असतं.

घरी करताना हा क्रम ठेवा.

पाणी. कोमट, म्हणजे अंगाला लागतं-न लागतं असं. इथं एक धोका आहे. ऑपरेशननंतर टाळू बधिर असते, मागचा भाग तर काही आठवडे, कधी काही महिनेही. पाणी कढत असलं तरी डोक्याला कळत नाही आणि भाजतं. ज्यांच्याकडं अजून बंब पेटतो त्यांनी जास्त जपावं, कारण बंबाचं पाणी पहिल्या मगापासून शेवटच्या मगापर्यंत एकसारखं नसतं. बादलीत विसण घालून घ्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूनं तपासूनच डोक्यावर घ्या. डोक्याच्या अंदाजावर विसंबू नका.

बैठक. स्टुलावर ताठ बसा, डोकं किंचित मागं. बादलीवर ओणवं होऊन धुवायची आपली जुनी पद्धत पहिले काही दिवस बंद. रक्त डोक्याकडं उतरतं, सूज वाढते.

भिजवणं. एक हात पुढच्या भागाच्या वर आडवा धरा आणि पाणी त्या हातावर ओता, म्हणजे धार फुटून पाणी डोक्यावर नुसतं ओघळेल. लोशन दिलं असेल तर या आधी लावून सांगितला तेवढा वेळ ठेवायचं असतं. कुणी पंधरा मिनिटं सांगतं, कुणी जास्त.

शाम्पू. डोक्यावर थेट ओतायचा नाही. दुसऱ्या मगात थोडं पाणी आणि शाम्पू घेऊन हातानं फेस करा. फक्त फेस तळव्यावर घ्या आणि पुढच्या भागावर टेकवा, उचला, टेकवा. चोळणं नाही, गोल फिरवणं नाही, बोटं केसांत घालणं नाही. दोन-तीन मिनिटं फेस तसाच राहू दे. त्या वेळात मागचा भाग बोटांच्या पेरांनी हलकेच धुवा. मागं थोडा दाब चालतो. टाके असतील तर त्यांच्यावर नाही.

धुऊन काढणं. पुन्हा हातावरून पाणी. सगळा फेस निघेपर्यंत. फेस राहिला तर तोच वाळून खाजवतो. मागून येणारं पाणी पहिल्या वेळी गुलाबी दिसतं. घाबरायचं नाही, ते आतलं जुनं वाळलेलं रक्त आहे.

वाळवणं. मागं टॉवेल टेकवून टिपा. पुढं काही लावू नका, वाऱ्यानं वाळू दे. पंखा चालेल. ड्रायरची गरम हवा नको, कारण तेच, बधिर कातडीला चटका कळत नाही.

हे सगळं करताना घरातलं कुणीतरी मागं उभं असावं. आरशात मागचं दिसत नाही आणि पहिल्यांदा हात थरथरतो. बायकोनं किंवा भावानं पाणी ओतलं तर काम निम्मं होतं. त्यांना मात्र आधी व्हिडिओ दाखवा. माया असली की माणूस चोळायलाच जातो.

६. रोजचं धुणं

त्यानंतर रोज एकदा, हाच क्रम. सांगितलं असेल तर दोनदा. शॉवरची धार थेट डोक्यावर दोन आठवडे तरी नको, आणि त्यानंतरही आधी मंद.

पाण्याबद्दल दोन शब्द. उपनगरांत, नव्या अपार्टमेंटमध्ये बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी असतं. त्याला फेस कमी येतो, क्षार राहतात, कातडी ताणल्यासारखी वाटते. पहिल्या दोन आठवड्यांपुरतं एक-दोन बादल्या नळाचं पाणी वेगळं साठवा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर उकळून, गार करून, गाळून घ्या. जखम भरते आहे तोवर एवढं केलेलं बरं.

७. खपल्या

सगळ्यात जास्त फोन याच पायरीवर येतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रत्येक ग्राफ्टभोवती रक्ताचा एक कण वाळतो, तीच खपली. रोज नीट धुतलं तर बऱ्याचशा सातव्या-आठव्या दिवसापासून आपोआप सुटायला लागतात. त्या सुमाराला, डॉक्टरांनी हो म्हटलं की, धुण्याची रीत बदलायची. आधी दहा मिनिटं डोकं ओलं ठेवा, फेस तसाच ठेवून. मग बोटांच्या पेरांनी, नखं लांब ठेवून, अगदी हळू गोल फिरवा. आज थोडं, उद्या त्याहून जरा जास्त. पहिल्याच दिवशी सगळं स्वच्छ करायचं नसतं. दोन आठवडे होता होता डोकं मोकळं दिसायला हवं. तोवर खपल्या घट्ट चिकटून असतील तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

कोरड्या डोक्यावरची खपली कधीच काढायची नाही. टीव्ही बघताना हात नकळत वर जातो, त्याला जपा. रात्री हातमोजे घालून झोपणारेही मी बघितलेत. नखं कापून ठेवली तरी पुरतं.

आता भीतीचा मुद्दा. खपलीबरोबर केसही येतो. तो टाकून देऊ नका, उजेडात धरून बघा. बारीक, आखूड केस, एका टोकाला पांढरट मण्यासारखं काहीतरी, आणि जागेवर रक्त नाही. म्हणजे फक्त केसाची काडी निघाली, मूळ कातडीतच आहे, आणि ते असंच व्हायचं असतं. याउलट पहिल्या आठवड्यात डोकं कशाला आपटलं, तिथून रक्त आलं आणि केसासोबत मासाचा बारीक तुकडा दिसला, तर तो ग्राफ्ट गेला. स्वच्छ गॉज हलकेच दाबून धरा, रक्त थांबलं की डॉक्टरांना कळवा. तो परत खोचायचा खटाटोप करू नका. हजारोंतला एक गेला तर टक्कल परत येत नाही.

८. सूज, खाज, बधिरपणा

दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान कपाळ सुजतं, सूज हळूहळू पापण्यांवर उतरते, मग जाते. आरशात बघून दचकायला होतं. बर्फाची पिशवी कपाळावर चालते, ग्राफ्टवर अजिबात नाही. खाज म्हणजे जखम भरत असल्याची खूण. सलाईनचा फवारा मारा, खाजवू नका. असह्य झाली तर औषध विचारा. ठणका पहिले दोन-तीन दिवस, तोही बहुतेक मागच्या भागात. डॉक्टरांना न विचारता अ‍ॅस्पिरिनची गोळी घेऊ नका, रक्त थांबायला वेळ लागतो. अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

९. फक्त कोल्हापुरात पडतील असे खड्डे

गुलाल. चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, माघातले खेटे, गणपतीची मिरवणूक, निवडणुकीचा निकाल. आपल्याकडं गुलाल कुठून उडेल सांगता येत नाही. भरत असलेल्या जखमेत ती पूड गेली की खाजही आणि संसर्गही, आणि धुवायला चोळावं लागतं ते वेगळंच. रंगपंचमीचंही तसंच. तारीख घेताना पंचांग उघडून बघा, पुढचा महिना मोकळा हवा.

फेटा. स्वतःचं लग्न ठरलंय म्हणून घाईनं ट्रान्सप्लांट करणारे बरेच असतात. कोल्हापुरी फेटा डोक्याला आवळून बांधतात, तो निदान महिनाभर नको. खरं तर लग्नासाठी करायचं असेल तर वर्षभर आधी करा. पुढं कळेलच की दोन-तीन महिन्यांत डोकं आधीपेक्षा विरळ दिसतं, आणि अल्बम जन्मभर राहतो.

तालीम. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठंही जात असाल तरी वस्तादांना आधीच सांगून टाका. हलकं चालणं काही दिवसांत चालतं, घाम काढणारा व्यायाम साधारण दोन आठवड्यांनी. पण कुस्ती हा प्रकारच निराळा. डोक्याला डोकं लागतं, मान घासते, आणि आखाड्याची माती कातडीत शिरते. महिन्याच्या आत नाही, आणि त्यानंतरही डॉक्टरांना ‘जिम’ न म्हणता ‘कुस्ती’ असंच सांगून विचारा. शीर्षासनही तोवर बंद. रंकाळा-कोटीतीर्थात किंवा विहिरीत पोहायला जाणाऱ्यांनीही महिनाभर काठावरच बसावं.

फाउंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथं शॉपफ्लोअरवर असाल तर वाळूची धूळ, भट्टीची धग आणि दिवसभर सेफ्टी हेल्मेट, तिन्ही गोष्टी वाईट. ऑफिसातला माणूस आठवड्याच्या आत कामावर जातो, म्हणून तुम्हीही जाऊ नका. दोन-तीन आठवड्यांची रजा किंवा तेवढ्यापुरतं दुसरं काम मागा. इचलकरंजीत यंत्रमागावर असणाऱ्यांना कापसाच्या तुसाची तीच अडचण.

दुचाकी. हेल्मेट काढता-घालताना ग्राफ्ट ओढले जातात. त्यावर ‘मग हेल्मेट न घालता जातो’ हे उत्तर नव्हे. दोन आठवडे गाडी दुसऱ्यानं चालवावी, किंवा केएमटीच्या बसनं फिरा. उन्हापासून सैल टोपी कधीपासून घालायची ते विचारा, तोवर छत्री. पावसात भिजलात तर घरी येऊन लगेच धुवा. रेनकोटची टोपी घासत असेल तर तीही नको.

रस्सा मंडळ. तांबडा-पांढरा बंद करायला कुणी सांगत नाही. सूज असताना मीठ जरा बेतानं, एवढंच. पण सोबतचा ग्लास किमान आठवडाभर नको. तंबाखू तर नकोच, आणि तंबाखू म्हणजे नुसती सिगारेट नव्हे. मावा, गुटखा, मिश्री, सगळ्यांत निकोटिन असतं, ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि नव्या मुळांना रक्त कमी पोचतं.

घरचे उपाय. आई खोबरेलची बाटली घेऊन येणारच. ‘टाळू किती कोरडी पडलीय बघ, जरा चोळू दे की.’ कांद्याचा रस, हळद, कोरफड, शिकेकाई, लिंबू, प्रत्येक शेजाऱ्याकडं एक नुस्खा असतो. शिकेकाईची भरड तर बारीक वाळूच असते. भांडू नका, डॉक्टरांचा कागद पुढं करा.

१०. केस गळायला लागले की

दुसऱ्या आठवड्यानंतर, बऱ्याचदा दुसऱ्या महिन्यापर्यंत, लावलेले केस गळतात. मोरीच्या जाळीत दिसतात, उशीवर दिसतात. मूळ जागेवरच असतं. ते विश्रांती घेतं आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवा केस वर काढतं. आजूबाजूचे जुने केसही काही वेळा तात्पुरते झडतात. या काळात ‘धुतल्यानं गळतात’ म्हणून लोक धुणं थांबवतात, तसं करू नका. धुताना दिसणारे केस धुतले नसते तरी गळणारच होते.

नवे केस वर येताना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक पुळ्या येतात. फोडू नका, कोमट ओल्या कापडाचा शेक द्या. खूप आल्या तर दाखवा. नवे केस आधी पातळ, वाकडे, कधी कुरळे येतात. नऊ ते बारा महिन्यांत रूप दिसतं, भोवऱ्याला त्याहून उशीर लागतो. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही केसगळतीची औषधं कधी सुरू करायची, करायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. मेडिकलवाल्या मित्राच्या सल्ल्यानं नको. आणि फिनास्टेराइडच्या फुटलेल्या गोळीला घरातल्या गरोदर बाईनं हात लावायचा नसतो, हे घरी सांगून ठेवा.

११. यांतलं काही दिसलं तर वाट बघू नका

- ताप, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठणका कमी व्हायच्याऐवजी वाढणं.
- पू, घाण वास, लाली पसरत जाणं.
- लावलेल्या भागात कातडी काळपट-जांभळी पडणं.
- मागून रक्त येणं आणि गॉज दहा-पंधरा मिनिटं सलग दाबूनही न थांबणं. दर मिनिटाला उचलून बघितलं तर ते थांबणारच नाही.
- अंगावर पित्त उठणं, धाप लागणं. हे औषधाचं असू शकतं, आणि यात क्लिनिकच्या फोनची वाटही बघायची नाही. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा, चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या.

१२. तेल, रंग, कटिंग

तेल साधारण महिन्यानंतर, विचारून, आणि लावायचं म्हणजे बोटानं टेकवायचं. रंग किंवा मेंदी सहा आठवड्यांच्या आत नको. मेंदी धुताना किती चोळावं लागतं ते आठवा. बायकांनी केलं असेल तर मागचे लांब केस वर घट्ट बांधू नयेत, सैल शेपटा बरा.

कात्रीनं कटिंग तीन-चार आठवड्यांनी चालतं. मशीन मागं साधारण महिन्यानंतर आणि पुढच्या भागावर त्याहून बरंच उशिरा, डॉक्टर सांगतील तेव्हा. मागं झीरो मशीन मारू नका, एफयूईचे ठिपके किंवा एफयूटीची रेघ उघडी पडते. सलूनमध्ये बसल्या बसल्या सगळं सांगून टाका, लाजू नका, त्यानं असली डोकी आधी बघितलेली असतात. आणि कटिंग संपल्यावर तो सवयीनं डोक्यावर टपाटप मालिश सुरू करील, त्याआधीच त्याचा हात धरा.